गुलाबीची हिरवी काच

काचवाल्याच्या थोरल्या मुलाला कॉलेजात सगळे 'गुलाबी' म्हणत. तो काही गोरापान नव्हता आणि त्या रंगाचा शर्ट त्याने जन्मात घातला नव्हता. नाव पडलं ते रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत. टायट्रेशन करता करता तो शेजारच्याकडे मान वळवून हळूच विचारायचा, "गुलाबी झालं का रे?"

कारण त्याला ते दिसत नव्हतं. लाल, हिरवा, गुलाबी, तपकिरी या मंडळींमध्ये फरक काय, हे कोडं त्याला लहानपणापासून सुटलं नव्हतं. आणि टायट्रेशनचा सगळा खेळ तर रंगावर. ब्युरेटच्या उंच नळीतून द्रावण थेंब थेंब खालच्या फ्लास्कमध्ये सोडायचं, डाव्या हाताने तोटी सांभाळायची, उजव्याने फ्लास्क फिरवत राहायचं, आणि ज्या थेंबाला रंग पालटेल त्या थेंबाला थांबायचं. पुढचा एक थेंब पडला की रीडिंग गेलं. गुलाबीचे हात या कामाला फार चांगले होते. काच कापणाऱ्या बापाचे हात होते ते, कुठे दाबायचं आणि कुठे सोडायचं हे त्यांना उपजत ठाऊक. पण थांबायचं कधी, हे हातांना कोण सांगणार? पहिल्या दिवशी तो तोटी सोडून बसला तो ब्युरेट रिकामी होईपर्यंत. प्रॅक्टिकलच्या बाई मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अरे, आंघोळ घालतोयस का त्याला?"

बाई मनाने वाईट नव्हत्या. त्यांनी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं आणि तिथलं उत्तर कळल्यावर बाजूला घेऊन समजावलं. वर्षाअखेरीस प्रॅक्टिकलची परीक्षा घ्यायला बाहेरचे सर येतात. त्यात नापास म्हणजे रसायनशास्त्र सुटलंच. त्यापेक्षा आत्ताच गणित घे, गणिताला रंग नसतात. गुलाबीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, मला रसायनच करायचंय.

त्याचं खूळ जुनं होतं. तो लहान असताना त्याचे बाबा दुकानाच्या मागच्या खोलीत आरसे करायचे. साध्या काचेवर पाण्यासारखं काहीतरी ओतायचे आणि बघता बघता त्या काचेत पोराचा चेहरा उगवायचा. हे कसं होतं, असं विचारलं की बाबा म्हणायचे, होतं खरं, मला विचारू नकोस. तेव्हापासून तो उत्तराच्या मागे लागला होता. आता दारापर्यंत येऊन माघारी फिरायला तो तयार नव्हता.

काही दिवस शेजाऱ्याच्या डोळ्यांवर निभावलं. शेजारी आपलं काम करता करता "आता" म्हणायचा आणि गुलाबी तोटी बंद करायचा. एकदा गंमत म्हणून शेजाऱ्याने भलत्याच वेळी "आता" म्हटलं. अख्खी रांग कटात सामील होती. बाईंनी रीडिंग मोठ्याने वाचलं तेव्हा हसण्याचा गडगडाट झाला. नंतर शेजाऱ्याला वाईट वाटलं असावं, कारण तो गुलाबीला उपाय सांगायला आला. उत्तर किती यायला हवं ते आपल्याला ठाऊक असतंच, तिथून उलटं गणित करायचं, प्रयोग तीनदा न करताच तिन्ही रीडिंग सारखी लिहायची. अर्धा वर्ग तेच करतो.

"मग ब्युरेट तरी कशाला धुतोस?" गुलाबी म्हणाला. "घरीच लिहीत जा."

त्यानंतर त्याने कुणालाही काही विचारलं नाही.

काच सापडली ती टोमॅटोमुळे. बाजारातून तो कायम कच्चे टोमॅटो उचलून आणायचा आणि आईची बोलणी खायचा. त्या दिवशी बोलणी खाऊन, पिशवी तशीच घेऊन तो घरापुढच्याच दुकानात जाऊन बसला. बाबा न्हाणीघराच्या खिडकीसाठी हिरवी काच कापत होते. उरलेला तुकडा त्याने सहज डोळ्यांसमोर धरला आणि पिशवीत पाहिलं. पिशवीतला एकुलता एक पिकलेला टोमॅटो काळाठिक्कर दिसत होता आणि कच्चे सगळे लख्ख उजळ. तो कितीतरी वेळ काच खालीवर करत बसला. मग बाबांना म्हणाला, हा तुकडा चौकोनी कापून द्या आणि कडा घासा. बाबांनी कडा घासता घासता आतल्या खोलीकडे बघून आईला ऐकवलं, "लोक डोळ्यांना चष्मा लावतात, आपले चिरंजीव खिडकी लावणार आहेत."

चिरंजिवांनी खरोखरच खिडकी लावली. स्टँडच्या चिमट्यात काच अडकवली, तिच्यामागे फ्लास्क, आणि ताडून पाहायला बाजूला न बदललेल्या द्रावणाचा दुसरा फ्लास्क. दोन्ही सारखेच उजळ दिसत, आणि मग एका थेंबाला एक काळवंडे. तिथे थांबायचं. बाईंनी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा काढून ठेव म्हणाल्या. तो म्हणाला, "चष्मेवाल्यांनाही चष्मे काढायला सांगा, बाई." बाईंनी काच राहू दिली, पण बजावलं, परीक्षेला बाहेरच्या सरांपुढे माझं काही चालायचं नाही.

परीक्षेत मिथाइल ऑरेंज आलं. पिवळ्याचं लालसर होणारं, म्हणजे गुलाबीचा जुना वैरी. त्याने ब्युरेट आधी पाण्याने, मग आम्लाने खंगाळली, तोटीखालचा हवेचा बुडबुडा काढला, काच लावली आणि कामाला लागला. बाहेरचे सर फिरत फिरत आले, काचेकडे पाहून म्हणाले की नियमात असलं काही नाही. नको असंही नाही, असं तो म्हणाला. सरांनी रीडिंग पाहिली. तिन्ही थोडी थोडी वेगळी होती, आणि बरोबर होती. मग त्यांचं बोट निरीक्षणाच्या रकान्यावर थांबलं. तिथे लिहिलं होतं: हिरव्या काचेतून उजळ दिसणारं द्रावण काळपट झालं.

"पिवळ्याचा लालसर झाला, असं लिहितात," सर म्हणाले. "पाठ नाही का तुला?"

"पाठ आहे, सर."

"मग लिही की."

"मला तसं दिसलं नाही, सर. दिसलं ते लिहिलंय."

सरांनी खिशातलं पेन काढून त्याच्यापुढे ठेवलं. ही ओळ खोडून नीट लिही, नाहीतर या रकान्याला शून्य, आणि तोंडी परीक्षा तुझी बेताचीच झालीय, पुढचं तू बघ. सरांच्या पाठीमागे बाई उभ्या होत्या. त्या डोळ्यांनी सांगत होत्या, लिही बाबा, एका ओळीचा तर प्रश्न आहे. शेजारी हातातली तोटी विसरून बघत राहिला आणि त्याचा फ्लास्क लालभडक झाला.

गुलाबीने पेनला टोपण लावलं आणि ते सरांच्या हातात परत दिलं.

"शून्य द्या, सर."

सरांनी दिलं. निकाल लागला तेव्हा गुलाबी अगदी काठावर पास झाला होता, आणि शेजाऱ्याला त्याच्याहून कितीतरी जास्त मार्क होते. बाबांनी विचारलं, एवढ्यावर पुढे शिकता येतं का? येतं म्हणाला. मग ठीक आहे, म्हणून ते कामाला लागले.

आज तो स्वतः एका कॉलेजात प्रॅक्टिकल घेतो. मुलं पाठीमागे त्याला 'गुलाबी सर' म्हणतात. ते नाव पहिल्या तासाला त्यानेच सांगितलेलं असतं. काच स्टँडशेजारच्या खिळ्याला टांगलेली आहे. तपासणीला येणारे दरवर्षी ती काढायला सांगतात, दरवर्षी ती तिथेच असते. तिन्ही रीडिंग सारखी आली की तो जर्नल मिटून परत देतो आणि पुन्हा करायला लावतो, आपल्या डोळ्यांदेखत.

मध्यंतरी एका मुलीने निरीक्षणात 'लालसर' लिहिलं होतं. तुला लालसर दिसलं का, असं त्याने विचारलं. ती घुटमळली. खरं तर केशरी वाटलं, म्हणाली.

"मग केशरी लिही."

"परीक्षेत मार्क कापतील, सर."

"कापतील की," असं म्हणून तो पुढच्या टेबलाकडे वळला.