काकांचा भाजलेला हात

"अ‍ॅसिड पान्यात ओता, सर. पानी अ‍ॅसिडात नाय."

प्रयोगाचा तास असला की काका हे एकदा म्हणायचेच, तेही परीक्षानळी खिडकीच्या उजेडात धरून पुसता पुसता. किन्हवलीजवळच्या आमच्या शाळेत ते प्रयोगशाळेचे शिपाई होते. शिक्षण चौथी. मी नवा बी.एस्सी., बी.एड. मला त्या वाक्याचा राग यायचा.

पण काकांना पदार्थ कळायचे. त्यांना काम करताना पाहिलं असतं, तर तुम्हीही मान्य केलं असतं. जस्तावर अ‍ॅसिड टाकून जमवलेला हायड्रोजन जळती काडी नेली की पट्‌ असा आवाज करत पेटायचा. मुलं त्या आवाजाला हसायची. काका नळीच्या आत धरलेला ओलावा दाखवायचे. "जाळातून पानी झालं, बगा."

तपासणीचा दिवस होता, मला उशीर झाला होता. चंचुपात्रात सल्फ्युरिक अ‍ॅसिड घेतलं आणि घाईत त्यातच पाणी ओतलं. पाणी वरच राहिलं, क्षणात उकळलं आणि अ‍ॅसिडसकट उडालं. समोर नववीतली मुलगी वाकून बघत होती. काकांनी तिच्या तोंडापुढे हात घातला. मनगटापासून कोपरापर्यंत भाजला.

मुख्याध्यापकांनी विचारलं, पाणी कोणी ओतलं?

"काकांनी," मी म्हणालो.

हात नळाखाली धरूनच काकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग नळ आणखी मोठा केला.

आठवड्याभरात त्यांच्याकडून प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली. पुढची सात वर्षं, निवृत्तीपर्यंत, त्यांनी घंटा दिली आणि व्हरांडे झाडले. मी दिसलो की पूर्वीसारखाच नमस्कार करायचे. आज बोलू, उद्या बोलू, असं म्हणत मी ती सात वर्षं काढली. नळ्या मात्र स्वतः धुवायला लागलो, जणू त्याने काही फिटणार होतं.

ते गेल्याचं मला महिन्याने कळलं. वैशाखरे गावाच्या वरच्या अंगाला त्यांचं घर आहे, तिथे गेलो. त्यांच्या बायकोने ओटीवर बसवलं. हाताचं कोणी विचारलं की काका काय सांगायचे, ते त्या आपणहून बोलल्या.

"माजीच चूक, घाई केली, असं सांगायचे. नातवांनापन तेच."

मग मी खरं काय झालं ते सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हे तुमी त्यांना सांगायचं व्हतं, सर."

एवढं बोलून त्या आत गेल्या. पुन्हा बाहेर आल्या नाहीत.