एका नंबरची वस्ती

साथीच्या दुसऱ्या लाटेत माझं काम रोगाच्या नोंदी ठेवणारी संगणकप्रणाली तपासण्याचं होतं. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या केंद्रांवर जायचं, तापाचे रुग्ण पोर्टलवर वेळेवर चढतात का, रकाने पूर्ण भरतात का ते पाहायचं आणि गुण द्यायचे. आज त्या 'गुण' शब्दाचीही मला किळस येते.

भिगवणजवळच्या एका उपकेंद्रातली सिस्टर पन्नाशीची होती. पोर्टल चोख, एकही रकाना रिकामा नाही. मी खूश झालो. तिनं मात्र खणातून शाळेची वही काढून माझ्यापुढं सरकवली. धरणाच्या पाण्याकाठी पालं ठोकून राहणाऱ्या मासेमारांची नावं, सबंध दोन पानं, प्रत्येकापुढं ताप. पोर्टलवर त्या वस्तीतला एकच रुग्ण दिसत होता.

मोबाईल नंबर टाकल्याशिवाय फॉर्म पुढं सरकत नसे, आणि सगळ्या वस्तीत मिळून फोन एकच, मासळीच्या व्यापाऱ्याशी बोलण्यापुरता. तिनं सर्वांना तोच नंबर लावला. प्रणालीनं एक नंबर म्हणजे एक माणूस धरला. नवं नाव घातलं की जुनं पुसलं जाई. ती रोज माणसं भरायची आणि रोज एकच उरायचा.

"फोन करून दमले, साहेब. वरचे म्हणत्यात, नकाशावर तुमचं गाव हिरवं हाय, तपासणीची गाडी कशाला? तुमी लिवलं तर यील."

लिहितो म्हणालो. ती म्हणाली, "मागचे साहेबबी व्हयच म्हणाले हुते."

मी लिहिलं नाही. नंबर सक्तीचा करा, ही सूचना याआधी दुसऱ्या केंद्रांच्या तपासणीनंतर मीच केली होती. रिकामे रकाने मला खुपायचे. परतताना हायवेवर माशाचं पार्सल घेतलं, गाडीत बसून खाल्लं आणि त्याच तेलकट बोटांनी उपकेंद्राच्या नावापुढं 'उत्तम' टाकलं.

महिन्याभरानं पुन्हा गेलो. आता पोर्टलवर वस्तीतले बरेच रुग्ण होते, प्रत्येकाचा नंबर वेगळा. सिस्टरनं काही न लपवता सांगितलं, "एक माझा, एक मालकांचा, एक जावेचा, बाकीचे शेजारपाजारचे. गाडी आली, साहेब. उशिरा आली, पण आली." वहीतल्या दोन नावांवर आडवी रेघ होती. एक म्हातारी, एक तिचा मुलगा.

माणसं पुसली गेली तर ते लिहायला माझ्या अहवालाच्या नमुन्यात रकाना नव्हता. खोट्या नंबरांसाठी होता. मी तो भरला. तिला नोटीस गेली.

अहवालाचं कौतुक झालं. नंबर सक्तीचा केल्यामुळे नोंदी परिपूर्ण झाल्या, असं त्यात म्हटलं होतं. ते वाक्य माझंच होतं.