पद्मिनीकाकूंच्या आकृत्या

अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या मराठी मंडळात श्रीराम साठे तेवढे डॉक्टरही नव्हते आणि इंजिनिअरही. ते युनिव्हर्सिटीत विज्ञानाचा इतिहास शिकवत. म्हणजे नक्की काय करतात, हे मंडळात कुणाला धड सांगता येत नसे. त्यांच्या पत्नीला, पद्मिनीकाकूंना, मात्र ते पक्कं ठाऊक होतं, कारण त्यातलं निम्मं काम स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याच करत.

काकांचं पुस्तक सतराव्या शतकातल्या चित्रांवर होतं. त्या काळच्या विद्वानांनी ग्रंथांत चित्रं घातली ती शोभेला नव्हे, चित्र हाच त्यांचा युक्तिवाद होता, असं काका तावातावाने सांगत. गंमत अशी, की खुद्द काकांना चित्र काही केल्या उलगडत नसे. लायब्ररीतून आणलेले फोटो तर धुरकटच असत. मग पुण्यात चित्रकला शिकलेल्या काकू शाई घेऊन बसत आणि रेघ न् रेघ नव्याने काढत. कापलेला डोळा, त्यात शिरणारे किरण, सूर्याभोवतीचे भोवरे. काका शेजारी खुर्ची ओढून बघत राहत. रेघ कुठून निघून कुठे पोचली ते दिसलं, की ताडकन उठून लिहायला पळत. हिवाळ्यामागून हिवाळे असेच गेले. काकूंना ते दिवस फार सुखाचे वाटत.

शहाऐंशीच्या मार्चमध्ये पुस्तक छापून आलं. काकूंनी शिरा केला, प्रत देवापुढे ठेवली, हळदकुंकू वाहिलं आणि मगच उघडली. पानं उलटली. पुन्हा पहिल्यापासून उलटली. कॉलेजातून आलेली सुलेखा मागून वाकून बघत होती.

"आई, व्हेअर आर युअर ड्रॉइंग्ज?"

काका चष्मा पुसू लागले. प्रकाशकाने खर्च वाढतो म्हणून चित्रं गाळायला सांगितली होती, गेल्या वर्षीच. घरी सांगायचं राहून गेलं.

"आणि तुम्ही हो म्हणालात?" काकूंनी विचारलं.

"अगं, मजकुरावरून सगळं कळतं. चित्रांवाचून काही अडत नाही."

जन्मभर ज्या मताशी भांडला तेच हा माणूस बायकोच्या तोंडावर बोलून गेला, आणि त्याच्या ते गावीही नव्हतं! आभाराच्या पानावर पत्नीच्या सोशिकपणाचा उल्लेख तेवढा होता. काकूंचं काळीज तुटलं. त्यांनी पुस्तक मिटलं आणि सगळ्यांना शिरा वाढला.

पुढच्या हिवाळ्यात काकांनी दुसरं पुस्तक हाती घेतलं. चंद्राच्या एका जुन्या चित्राचा फोटो टेबलावर ठेवून म्हणाले, "एवढं काढून देतेस?"

काकूंनी फोटो खिडकीशी नेऊन पाहिला. डोंगरांच्या सावल्या इतक्या नाजूक होत्या की बोटं शिवशिवली. डोळे भरून आले, म्हणून त्या पाठमोऱ्याच उभ्या राहिल्या.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "आता हात थरथरतो."

हात मुळीच थरथरत नव्हता. इतक्या वर्षांच्या संसारात त्या काकांशी पहिल्यांदाच खोटं बोलल्या होत्या, आणि काकांना ते लगेच पटलं.