माळावर ट्रेलर उलाळ झाला

ट्रेलरचा पुढचा दांडा आभाळाकडे निघाला तेव्हा मी मागच्या टोकाला बसून पिठलं ढवळत होते. दांडा वर चालला तशी मी खाली चालले. फार जोरात नाही. म्हैस पाण्यात बसते तसं, सावकाश, पण एकदा ठरवलं की ठरवलं. पातेलं माझ्या आधी गेलं. माझ्यासमोर जरा वरच्या अंगाला तंबू होता आणि त्यात पुण्याहून आलेलं गिऱ्हाईक आडवं झालं होतं. ते आतल्या आत घसरत आलं आणि तंबूच्या जाळीला चिकटलं. जाळीच्या त्या बाजूला त्याचं नाक, या बाजूला माझं.

"काकू," तो म्हणाला, "हे असंच असतं का?"

"व्हय," मी म्हणाले. "असंच असतंय."

(दुसरं काय सांगणार? सुनेचा ट्रेलर विकायचा होता.)

माझी सून अश्विनी वेल्डर आहे. होटगीला आमच्या घराशेजारी तिची पत्र्याची शेड आहे. मुलगा दत्ता रेल्वेत आहे, म्हणजे घरात हत्यार तिच्या हातात आणि शिट्टी त्याच्या. दहा वर्षं तिनं खिडक्यांची ग्रिलं केली, फाटकं केली, उसाच्या ट्रॉल्यांचे मोडके सांधे जोडून दिले. ग्रिलं करून करून अशी गत झाली होती की गज दिसला की तिला जांभई यायची.

मग एक दिवस हा निनाद आला, तोच तो तंबूतला. मोटारसायकलवरून रानोमाळ हिंडणारा माणूस. त्याच्या गाडीचं स्टँड मोडलं होतं. अश्विनी ते जोडत असताना तो बोलत बसला, की पुण्यातल्या त्यांच्या मोटारसायकलवाल्यांच्या मंडळाला एक ट्रेलर हवाय. जीपच्या मागं लावायचा, त्यावर दोन मोटारसायकली न्यायच्या, त्यातच झोपायचं, त्यातच रांधायचं. बाजारात मिळतात ते डांबरी रस्त्यावर ठीक, खडकात गेले की सांधे सोडतात.

"मी करते की," अश्विनी म्हणाली. डोळ्यावरची काचसुद्धा वर केली नाही तिनं.

ठरलं असं, की तिनं एक करून दाखवायचा. माळावर चालवून बघायचा. पसंत पडला तर मंडळासाठी आणखी चार. नाही पडला तर नाही.

"न्हाय पडला तर?" दत्तानं विचारलं.

"मग ग्रिलं हायतच की," ती म्हणाली. असं म्हणाली, की पुढं आठ दिवस तिच्यासमोर खिडकीचं नाव काढायची माझी छाती झाली नाही.

आता तिची काम करायची रीत सांगते. ती कागदावर फार काढत नाही. शेडच्या फरशीवर खडूनं आख्खा ट्रेलर काढला, खरा असेल तेवढाच. मग त्यात दोन मोटारसायकली आणून उभ्या केल्या. तंबूच्या रेघेत स्वतः झोपून बघितलं. दत्ताला शेजारी झोपवलं. त्याचे पाय रेघेच्या बाहेर आले, तर त्याला ओरडली. जणू पाय त्यानं मुद्दाम वाढवले होते. मग मला बोलावलं.

"आत्या, हितं बसा आन् भाकरी करा." (सासूला आत्या म्हणायची आमच्यात पद्धत आहे.)

"कशावर?"

"चूल काढलीय की खडूनं. हात कुटं कुटं जातोय तेवढं बघू द्या."

दोन दिवस मी खडूच्या चुलीवर खडूची भाकरी केली. शेजारची मालन डोकावून गेली आणि गावभर सांगत सुटली की म्हातारीचं डोकं गेलं. पण तुम्हाला सांगते, आयुष्यात चार स्वयंपाकघरं वापरली, माझा हात कुठं पोचतो हे विचारून बांधलेलं हे पहिलं.

काम तर असं केलं की बघत राहावं. चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे उसाच्या ट्रॉलीच्या धर्तीचे, पण हलके. जमिनीपासून उंची किती, तर खालून भरली घागर न सांडता सरकवता आली पाहिजे. धूळ आत जाऊ नये म्हणून कपाटांच्या दारांना जुन्या फ्रिजच्या दारांचं रबर. मोटारसायकलींना पुढं दोन खोबण्या, वर आवळायचे पट्टे. मधल्या पेटीवर घडीचा तंबू. आणि मागं माझं स्वयंपाकघर, पाण्याच्या टाकीसकट, ओढलं की बाहेर येणारं, समोर त्यालाच जोडलेली बसायची फळी. प्रत्येक वस्तू काट्यावर ठेवून वजन भिंतीवर लिहिलेलं. मी हे तिच्या तोंडावर कधी बोलले नाही. सुनेला एकदा चांगलं म्हटलं की रोज म्हणावं लागतं.

उलट मी शिकवायलाच गेले. माझं माहेर श्रीपूरचं. वडील बैलगाडीनं कारखान्यावर ऊस घालायचे. गाडीतलं मला कळतं, असा माझा समज.

"अश्विनी, वजन मागं गेलं की गाडी उलाळ होती. मागं बसती आन् दांडी वर. बैल सोडल्यावर तर हमखास. वडलांच्या गाडीचं..."

"आत्या, त्याची सोय केलीया."

काय सोय केलीय हे मी विचारायला हवं होतं. पण मला वडलांच्या गाडीची गोष्ट पुरी करायची होती. ती मी पुरी केली.

माळावर जायच्या आदल्या दिवशी सामान मी भरलं. स्वयंपाकघराच्या तळाशी एक लांबट चपटा खण होता, त्यात दोन लोखंडी पाइप पडलेले. वेल्डरच्या घरात पाइप म्हणजे केरच. जिकडे तिकडे सापडतात. मी ते काढले आणि त्या खणात कडक भाकरी रचल्या. काय मापात बसल्या म्हणता! खण जणू त्यांच्यासाठीच केला होता. पाइप चांगले सरळ होते, खाली चपटी बैठकही होती. परसात दोडक्याचा वेल लोळत होता, त्याला लावून टाकले. वेल त्याच संध्याकाळी उभा राहिला. मी खूश. एवढ्यावर थांबले असते तरी बरं. पण पुण्याच्या लोकांना मिक्सरची शेंगाचटणी कशी द्यायची, म्हणून भाकरीशेजारी पाटाही ठेवला. दगडी. त्याचं वजन भिंतीवर नव्हतं.

माळावर सकाळी निनाद आला, बरोबर दोन मित्र. पहिला तासभर ट्रेलर असा चालला की माझ्याच अंगावर मूठभर मांस चढलं. दगड, नाल्या, उतार, काही म्हणजे काही सोडलं नाही. जीप कण्हत होती, ट्रेलर गप्प. निनाद चालत चालत बाजूनं बघत होता आणि मधूनच मान हलवत होता. अश्विनी मात्र बांगडी फिरवत होती. काचेची नाही, हातातला नटबोल्टचा वॉशर.

मग मुक्काम कसा टाकायचा ते दाखवायचं होतं. दत्तानं जीप सोडवून बाजूला नेली. दांड्याखाली छोटं चाक लावलं. तंबू उघडला.

"आत्या," अश्विनी म्हणाली, "मी सांगितल्याबिगर मागं बसायचं न्हाय हां."

"न्हाय बसत."

ती निनादच्या मित्रांना मोटारसायकली उतरवायचे पट्टे दाखवायला पुढं गेली. निनाद तंबूत चढला, आडवा झाला, आतून म्हणाला, "वा." मी स्वयंपाकघर ओढून बाहेर काढलं, गॅस लावला, पिठलं टाकलं. आणि फळीवर बसले. उभ्यानं पिठलं कोण करतं?

पहिली मोटारसायकल उतरली. काही झालं नाही.

तेवढ्यात दत्ता माझ्या गुडघ्याशी वाकला, तो खण उघडला आणि तसाच राहिला.

"आई, पाय कुटं हायत?"

"कुणाचं?"

"ट्रेलरचं! हितं दोन पाइप होतं. ते मागं टेकू लावायचं असत्यात."

"ते व्हय. ते दोडक्याला लावलं."

दत्तानं पुढच्या बाजूला बघून "थांबा" म्हणायला तोंड उघडलं. दुसरी मोटारसायकल त्याच वेळी जमिनीला टेकली.

पुढचं तुम्हाला सांगितलंच आहे. वडलांच्या गाडीची गोष्ट सांगणारी बाई, वडलांच्या गाडीसारखीच, पाण्याची टाकी, पाटा आणि पुणेकरासकट मागं बसली. पातेलं गडगडत गेलं आणि पिठलं निनादच्या मित्रानं उलटं ठेवलेल्या हेल्मेटात पडलं. (सांडलं असं मी म्हणणार नाही. एका भांड्यातून दुसऱ्यात गेलं.)

अश्विनी पळत आली. आधी गॅस बंद केला, मग मला विचारलं, "लागलं का?" बरोबर केलं. मीही तसंच केलं असतं.

"मागची टाकी रिकामी करायला असं करत्यात," मी निनादला जाळीतून समजावत होते. "दांडा वर केला की पाणी सगळं मागं येतंय."

"अच्छा," तो उलट्या अंगानं म्हणाला. "पण मग आतल्या माणसाला आधी सांगावं लागेल."

"ते सांगायचं राहिलं बघा."

तो विश्वास ठेवायलाच आला होता. दत्तानंही मान डोलावली. आणि या बाईनं, जिचं सगळं त्या ट्रेलरवर होतं, सरळ तोंड उघडलं.

"न्हाय सर. आत्या खोटं बोलत्यात. मागं टेकू लावायचे पाय असत्यात, ते लावलेलं न्हवतं. ते घरी ऱ्हायलं. चूक माझी हाय. हातानं निघत्याल असं करायलाच नको होतं."

गेलं सगळं, म्हटलं. आता जन्मभर ग्रिलं.

निनाद बाहेर आला. कपडे झटकले. बॅटरी घेऊन ट्रेलरखाली शिरला. बराच वेळ त्याचे फक्त बूट दिसत होते. प्रत्येक सांध्यावर किल्लीनं टकटक करत होता. अश्विनी शेजारी उभी, हातातला वॉशर आता फिरत नव्हता. मित्र हेल्मेटाकडे बघत होता.

तो बाहेर आला. "एवढं आपटून वेल्डिंगचा एक टाका हलला नाही," तो म्हणाला. "कपाटाचं एक दार उघडलं नाही. चार करा. फक्त ते पाय..."

"बिजागरीवर घेते," अश्विनी म्हणाली. "कायमचे. काढायचे म्हटलं तर ग्राइंडर लागंल."

"काकूंना ग्राइंडर चालवता येतो का?"

"अजून न्हाय," ती म्हणाली, आणि त्या सकाळी पहिल्यांदा हसली.

मग सगळ्यांनी माळावर बसून कडक भाकरी खाल्ली. चटणी पाट्यावर केली नाही, पाट्याकडे कोणी बघायलाही तयार नव्हतं. पिठलं त्या मित्रानं हेल्मेटातूनच वाढलं आणि दोनदा घेतलं. माझ्याकडे बघून म्हणाला, चव चांगली आहे. मी सुनेकडे बघितलं आणि तोंडातून निघून गेलं, "ट्रेलरबी चांगला झालाय." ती चावता चावता थांबली. आता रोज म्हणावं लागतं.

तेव्हा कोणी विचारलंच तर सांगायचं असं: उलाळ झालेल्या ट्रेलरमध्ये दोघं होते, वर निनाद आणि खाली मी. दोघंही वाचलो. तो स्वतः उतरला, मला चौघांनी उचललं.