खरं लिहिणारा वर्ग

मिल्काबाईंसमोर "मला येतं" असं म्हणायची सोय नव्हती. त्या लगेच खुर्ची पुढे ओढत, कपाळावरचा चष्मा नाकावर आणत आणि म्हणत, "येतं ना? मग दाखव." आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आल्या तेव्हा माझे मिस्टर, बेंजामिन, जरा फुशारकीनं म्हणाले, "सांदणं करावीत तर मीच." झालं! बाई हात धुऊन थेट स्वयंपाकघरात, आणि पाहुण्यांसमोर बेंजामिनच्या हातात पिठाचं भांडं. सांदणं ताटलीला अशी चिकटली की सुरीनं खरवडावी लागली. बाईंनी त्यातलाच एक तुकडा शांतपणे खाल्ला आणि निकाल दिला. "मदतीनं येतात. एकट्याला अजून नाय येत. पुढच्या महिन्यात परत बघू." आणि पुढच्या महिन्यात त्या खरंच आल्या.

आम्ही दोघी इस्रायलमधल्या किर्यात गातच्या एका शाळेत होतो. नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. मी ऑफिसात सेक्रेटरी, त्या गणिताच्या शिक्षिका. बाई मुंबईत भायखळ्याला शिकवायच्या. इथे आल्यावर हिब्रू येईना म्हणून दहा वर्षं कापडाच्या कारखान्यात उभ्या राहिल्या, मग पुन्हा परीक्षा देऊन फळ्यापाशी पोचल्या. इथली पोरं शिक्षकांना नावानं हाक मारतात. हिब्रूत सगळ्यांना एकेरीच. "मुंबईत मी टीचर होती गो," त्या म्हणायच्या, "इथे नुसती मिल्का झाली." त्याचं त्यांना दुःख नव्हतं. मात्र सरकारी माणूस दिसला की त्यांच्यातली मुंबई जागी व्हायची. शिक्षणखात्याचा इन्स्पेक्टर चप्पल घालून, शर्टाची वरची बटणं उघडी टाकून यायचा आणि सगळे त्याच्या पाठीवर थाप मारायचे. बाई तेवढ्या उठून उभ्या राहायच्या. आमच्या मराठी बोलण्यात तो कायम "साहेब".

सातवीत आलेल्या मुलांची पहिल्याच आठवड्यात परीक्षा घेऊन तीन गट पाडत. तिसऱ्या गटात कोण जाणार ते हजेरीपटावरची आडनावं वाचून मीच सांगितलं असतं. आपली भारतातली, मोरोक्कोची, इथिओपियाची. तीन वर्षांनी, नववी संपली की एक समिती बसायची. वरच्या गटातली मुलं बग्रूतच्या, म्हणजे मॅट्रिकच्या वर्गात जायची आणि पुढे विद्यापीठात. खालच्या गटातल्यांना कातारीकाम, शिवणकाम, केस कापणं. ही कामं वाईट नाहीत. पण बारा वर्षांच्या पोराला एका सकाळच्या पेपरावरून ती वाटून द्यायची, याचा बाईंना भयंकर राग होता. त्या वर्षभर प्रिन्सिपलच्या मागे लागल्या. शेवटी मिस्रादातून, म्हणजे शिक्षणखात्याच्या ऑफिसातून, परवानगी आली. तिसऱ्या गटाचा एक वर्ग तीन वर्षं बाईंकडे. परीक्षा नाहीत, मार्क नाहीत.

मार्कांऐवजी वह्या होत्या. प्रत्येक पोराची एक, तिला मुंबईसारखं तपकिरी कागदाचं कव्हर. आत ओळीनं लिहिलेलं, काय काय यायला हवं ते. अपूर्णांकांची बेरीज, नकाशा वाचणं, एका पानाचा अर्ज लिहिणं. समोर पोरानं स्वतःच्या हातानं तीनांपैकी एक लिहायचं: येतं, मदतीनं येतं, अजून नाही. आलं असं वाटलं की बाईंना करून दाखवायचं. एखादं पोर तीन दिवसांत पुढे जाई, एखादं तीन महिन्यांत, कुणी कुणासाठी थांबत नसे आणि मागे राहिलेल्याला कुणी हसत नसे. सिगाल नावाची मोरोक्कन मुलगी होती, तिला नर्स व्हायचं होतं. पाच महिने ती गुणोत्तरापुढे "अजून नाही" लिहीत होती. एक दिवस बाईंनी तिला आजीच्या औषधाची बाटली आणायला सांगितली आणि वजनावरून डोस काढायला लावला. सिगालनं काढला. मग आणखी चार जणांच्या वजनांवरून काढला. "येतं" लिहिताना तिनं पेन इतकं दाबलं की मागचं पान फाटलं. बाई वही घेऊन ऑफिसात आल्या आणि ते फाटकं पान मला एखादं पदक दाखवावं तसं दाखवलं.

माझी ओर्लीही त्याच वर्गात. मी घरी मराठीत विचारायची, ती हिब्रूत उत्तर द्यायची. "किती मार्क?" "मार्क नसतात, इमा." आईला ती इमाच म्हणे. मी वही उघडून बघितली तर बीजगणिताचं पानच्या पान "अजून नाही". माझं डोकं फिरलं. मी बाईंना म्हटलं, थोडं तरी बरं लिहू द्या की पोरांना. त्या हसल्या. "खोटं लिहून काय करशील गो? डॉक्टरला पोट दाखवायचं नाय नि औषध मागायचं, असं होईल ते. माझ्या वर्गात खरं लिहायला भीती नाय. तेवढीच एक चीज कमावली बघ मी." ते खरंच होतं. त्या वर्गातली पोरं आपल्याला काय येत नाही ते मोठ्यांदा सांगत. मी दुसऱ्या कुठल्या वर्गात असं ऐकलेलं नाही.

नववीच्या वसंतात जुना इन्स्पेक्टर बदलून गेला. नव्याचं पत्र आलं. या वर्गाला मार्क नसल्यामुळे समितीपुढे काही कागद नाही, तरी प्रत्येक विद्यार्थ्याच्या शिक्षणाच्या नोंदी पाठवाव्यात. विज्ञान शिकवणारा ईलान इथलाच, इथल्याच शाळांत वाढलेला. त्यानं पत्र वाचलं आणि बाईंना म्हणाला, "मिल्का, वेडी होऊ नकोस. प्रत्येकाचं एकेक पान छान लिही आणि पाठव. या वह्या तुझ्या आणि मुलांच्या आहेत." मीही तेच म्हटलं. पण बाईंना ते पटेचना. साहेबांनी नोंदी मागितल्यात आणि आपल्याकडे नोंदी आहेत, मग दुसरं काही पाठवायचं म्हणजे फसवणूक. त्याहून मोठं म्हणजे त्यांना आशा होती. "वाचू दे गो त्यांना. पोरं कुठून निघाली नि कुठवर आली, सगळं लिहिलंय. असं कुठल्या परीक्षेत दिसतं? वाचतील तर दुसऱ्या शाळांत पण चालू करतील." चार दिवस खपून त्यांनी कव्हरं बदलली, आपल्या गोल अक्षरात नावं घातली आणि अस्सल वह्यांचा गठ्ठा माझ्या टेबलावर आणून ठेवला. नक्कलसुद्धा काढू दिली नाही. साहेबांकडे अस्सलच जायला पाहिजे.

पार्सल बांधायचं काम माझं. दुपारी सगळे घरी गेल्यावर मी ते करायला बसले. ओर्लीची वही मधेच कुठेतरी होती. ती मी उघडली, बीजगणिताचं पान पुन्हा बघितलं आणि आपल्या पर्समध्ये टाकली. मग शाळेच्या कागदावर एक पान टाईप केलं. ओर्ली कष्टाळू आहे, समजूतदार आहे, प्रगती उत्तम. सकाळी प्रिन्सिपलच्या सह्यांच्या ढिगात ते सरकवलं, शिक्का मारला आणि वहीच्या जागी ठेवून पार्सल रवाना केलं.  मला त्या वेळी दुसऱ्या एकाही पोराची आठवण झाली नाही, हे मी इथे लिहून ठेवते.

यादी जूनमध्ये आली. समितीनं वह्या वाचल्या होत्या, अगदी मन लावून. "अजून नाही"च्या ओळी पेन्सिलीनं मोजून प्रत्येक वहीच्या शेवटी आकडा टाकला होता. जवळजवळ सगळा वर्ग कारखान्याच्या आणि शिवणाच्या बाजूला गेला. बग्रूतच्या वर्गात तिघंच, त्यात माझी ओर्ली. सिगालला केस कापण्याच्या वर्गात टाकलं होतं.

बाई बसनं बीरशेव्याला इन्स्पेक्टरच्या ऑफिसात गेल्या. मीही गेले सोबत, कुठल्या तोंडानं ते विचारू नका. माणूस वाईट नव्हता. त्यानं आम्हाला थंड पाणी दिलं. बाईंनी त्याला पुष्कळ समजावलं. अजून नाही म्हणजे काय, तीन महिन्यांत काय काय येईल, तुमच्या परीक्षेत पास झालेलं पोर तरी काय काय लपवतं. त्यांचं हिब्रू अडखळत होतं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "मिल्का, मी तुझ्या मुलांना काहीच म्हटलेलं नाही. ते त्यांनीच लिहिलंय. मी फक्त वाचलं." बाई उठल्या. परतीच्या बसमध्ये त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. मला तेव्हा बोलता आलं असतं. नाही बोलले.

शाळा सुटायच्या आठवड्यात सिगाल ऑफिसात आली. बाई माझ्या टेबलापाशीच होत्या. तिनं परत आलेली वही बाईंच्या हातात दिली, फेकली नाही. "तू म्हणालीस, खरं लिही," ती म्हणाली. "बाकीच्या वर्गातल्यांनाही येत नव्हतं. त्यांना कुणी विचारलंच नाही." बाई तिला जवळ घ्यायला उठल्या तोवर ती गेली होती.

तसा वर्ग पुन्हा निघाला नाही. बाई पेन्शनीपर्यंत शिकवत राहिल्या. परीक्षा घ्यायच्या, लाल पेनानं मार्क द्यायच्या, गट पाडायच्या. कामात चूक नाही. पण "दाखव" म्हणणं बंद झालं. एकदा एक पोर म्हणालं, मिल्का, मला हे येत नाही. बाईंनी दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "असं कुणाला सांगू नकोस." मी बाहेरच उभी होते. मला रडू आलं.

निवृत्त झाल्यावर त्या अश्केलोनला मुलाकडे राहायला गेल्या. ओर्ली सैन्यातून सुटून विद्यापीठात गेली त्या वर्षी मी त्यांना भेटले आणि सगळं सांगून टाकलं. वही, टाईप केलेलं पान, शिक्का. मला वाटलं होतं त्या रागावतील, किंवा म्हणतील की एक तरी पोर वाचलं. त्या बोटातली अंगठी फिरवत ऐकत होत्या.

"मला वाटलेलं काहीतरी," त्या म्हणाल्या. "ओर्लीला गणित सिगालपेक्षा जास्त येत नव्हतं." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "रिबका, मी तीन वर्षं कशासाठी मेली गो? ज्याची आई ऑफिसात नाय, त्याला पण तेवढंच मिळावं म्हणून ना?"

मी त्यांचे पाय धरायला वाकले. त्यांनी धरू दिले नाहीत. "माझ्या पाया पडून काय होतंय? ओर्लीला सांग. तिला कळू दे ती कशी पोचली." मी सांगते म्हटलं. त्या भेटीनंतर त्यांनी मला फोन केला नाही, मीही केला नाही.

दोन वर्षांनी बाई वारल्या. सात दिवसांच्या सुतकात मी ओर्लीला घेऊन अश्केलोनला गेले. शाळेतली फारशी कुणी नव्हती. सिगाल मात्र आली होती, भाजीच्या पॅकिंगच्या कारखान्यातून, कामाच्याच कपड्यांत. दोघी जुन्या गोष्टी बोलत बसल्या. बाईंच्या मुलानं विचारलं, आईचा तो वर्ग कसा होता हो?

ओर्लीच बोलली. तिच्या आवाजात माया होती. "फार छान होता. माझी तर पानंच्या पानं 'अजून नाही' होती. त्याच वहीवरून समितीनं मला घेतलं. म्हणजे वह्यांचा दोष नव्हता. मी नेट लावला. बाकीच्यांनीही थोडी मेहनत केली असती तर..." ती सिगालला बघून थांबली.

सिगालनं मान हलवली. "बरोबर आहे," ती म्हणाली. "मला येतच नव्हतं."

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी पुढे झाले आणि सिगालला विचारलं, साखर किती घालू.