दादाचे हात धूसर दिसतात

शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्या बाईंना सगळी गल्ली मशीनताई म्हणायची. खरं नाव फक्त बँकेला आणि विजेच्या बिलाला ठाऊक. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर पोट उघडून ठेवलेली दोन-तीन मशीनं, तेलाची कुपी, जुन्या बनियनच्या चिंध्या आणि कोपऱ्यात सुट्या भागांचं पत्र्याचं कपाट. मशीनताईला एक खोड होती. कुणाची वस्तू बिघडली की मालकाचा चेहरा पडायचा आणि हिचा उजळायचा. शेजारणीच्या मिक्सरने राम म्हटला, तेव्हा ही इतक्या उत्साहाने धावली की शेजारीण दोन दिवस तिच्याशी बोलली नाही.

तिची पद्धत ठरलेली होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. टाके सुटतात अशी तक्रार आली की आधी दोरा बदलून बघायचा, मग सुई, मग बॉबीन, आणि मशीनला हात सगळ्यात शेवटी. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर मशीन चालेल, पण खोट कशात होती ते कळणार नाही. आणि का ते न कळता चाललेल्या मशीनवर तिचा काडीचा विश्वास नव्हता.

अशा बाईच्या घरातलं इंटरनेट मंद झालं, तर खरं म्हणजे तिला पर्वणीच वाटायला हवी होती. पण या वेळी तिचा चेहरा उजळला नाही, कारण प्रश्न दादाचा होता.

दादा तिचा थोरला भाऊ, जन्मापासून बहिरा. आयुष्यभर सुतारकाम केलं आणि आता वहिनीबरोबर दुसऱ्या गावी राहत होता. लहानपणी या दोघांनी हातांची एक भाषा घरातच तयार केली होती. शाळेत शिकवतात ती नव्हे, यांची स्वतःची. त्यात दुधवाल्याला वेगळी खूण होती, चिडलेल्या दुधवाल्याला वेगळी, आणि आईवडिलांच्या देखत एकमेकांना शिव्या द्यायची पुरेपूर सोय होती. आईवडील गेले. वहिनीला ही भाषा पोटापुरती येई, जेव, झोप, औषध घे एवढी. बाकी सगळी भाषा आता जगात दोनच माणसांकडे उरली होती. दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल लावून ती दोघं तास तासभर गप्पा हाणायची, अवाक्षर न काढता.

गेले काही महिने त्या गप्पांची पार रया गेली होती. चित्र अडकायचं, चौकोन चौकोन व्हायचं, आणि दादाचे हात धूसर दिसायचे. तिने नेटच्या कंपनीला फोन केला.

"मॅडम, आवाज व्यवस्थित येतोय ना?" पलीकडच्या मुलीने गोड आवाजात विचारलं.

"आवाज घेऊन काय करू, बाळ? आम्ही तो वापरतच नाही."

मुलगी गोंधळली आणि राउटर बंद करून पुन्हा चालू करा म्हणाली. केला. फरक शून्य. त्यातच मागच्या रविवारी दादाने खुणेने सांगितलं, 'नेट असंच असेल तर राहू दे आता. वहिनी मेसेज करत जाईल.' वहिनीचे मेसेज मशीनताईला ठाऊक होते. 'सर्व ठीक.' दोन शब्द, कधी कधी वर एक फूल. दादाशी बोलणं म्हणजे दोन शब्द आणि फूल? ते तिला मुळीच मान्य नव्हतं. येत्या रविवारच्या आत नेट सुधारलं नाही, तर दादा हातचा जाणार होता.

पहिला संशय शेजारच्या ड्रायव्हरवर गेला. वायफायचा पासवर्ड बदलला, तसा तो अर्ध्या तासात दारात हजर. "ताई, तुमचं नेट बंद पडलंय का हो?" चोर असा आपल्या पायाने चालत आला, पण स्पीड तसूभर वाढला नव्हता. म्हणजे चोरी त्याची होती, पण नेट मंद करण्याचा गुन्हा त्याचा नव्हता. मशीनताईने त्याला चार शब्द सुनावले आणि चहा पाजून परत पाठवलं.

संध्याकाळी सून ऑफिसातून आली. सासूच्या नादिष्टपणाला ती हसायची, पण साथही तीच द्यायची. तिने सासूच्या फोनवर स्पीड मोजायचं पान उघडून दिलं. सासू फोन घेऊन घरभर फिरू लागली. स्वयंपाकघरात काटा खाली, दुकानात जेमतेम आणि न्हाणीघरात पार मेलेला.

"आई, राउटर आहे तरी कुठे?" सुनेने विचारलं.

"आहे की. कपाटात."

"कुठल्या कपाटात?"

सासूने पत्र्याचं कपाट उघडलं. राउटर आत होता, बॉबीनच्या डब्यांच्या मधोमध, दिवे लुकलुकवत. बाहेर धूळ बसते, आणि धूळ ही यंत्राची वैरीण, म्हणून तिने स्वतःच्या हाताने काही महिन्यांपूर्वी त्याला आत ठेवून दार लावलं होतं.

"अहो आई, पत्र्यातून वायफाय बाहेर येणार कसा? बिचारा कोंडलाय आत!" सून हसता हसता खाली बसली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. मशीनताईला मात्र हसू येईना. पत्रा त्याला अडवतो, मग भिंत किती अडवते? भरलेली बादली? माणूस? तिने सुनेला राउटरपुढे उभं करून बघितलं, मग दार लावून बघितलं, मग ओली चादर वाळत घालून बघितलं. रात्रीचा स्वयंपाक शेवटी मुलाने केला.

राउटर कपाटावर चढला आणि स्पीड चांगलाच वाढला. तरी ती म्हणाली, "हवेतनं येणाऱ्या गोष्टीचा भरवसा नाही. तारेने जोडून दे." टेबलाखाली कधीची पडून असलेली राउटरची केबल सुनेने लॅपटॉपला लावली, आणि गंमत अशी की तारेतून नेट वायफायपेक्षाही मंद निघालं.

"असं कसं गं?" मशीनताईचे डोळे चमकले. "उघड्या हवेतनं जास्त आणि तारेतनं कमी?"

आता ती थांबणार नव्हती. राउटर तोच ठेवला, लॅपटॉप तोच ठेवला आणि केबल तेवढी हातात धरून टोकापासून चाचपत निघाली. टेबलाखाली एका जुन्या मशीनचा बिडाचा पाय नेमका केबलच्या मानेवर उभा होता. केबल चेपून चपटी झाली होती. तिने ती कापून आत पाहिलं. आत आठ बारीक रंगीत तारा, एकमेकींना पीळ घातलेल्या, आणि त्यातल्या दोन तुटलेल्या. "बघ, दोऱ्याला पीळ असतो तसाच इथेही," ती सुनेला कौतुकाने दाखवत राहिली. सुनेने नवी केबल आणली. लावली. कंपनी जेवढा स्पीड विकत होती, तेवढा पहिल्यांदाच या घरात पोचला.

रविवारी मशीनताई लॅपटॉपसमोर ऐटीत बसली. कॉल लागला आणि दादा पडद्यावर आला, आरशात दिसावा इतका लख्ख. हनुवटीवरचे दाढीचे पांढरे खुंट दिसत होते. मागे खुंटीवर टांगलेल्या शर्टाचं एक बटण तुटलेलं दिसत होतं. तिला इतका आनंद झाला की तिने टाळीच वाजवली. 'दिसतोस! सगळा दिसतोस!' तिने हातांनी सांगितलं.

दादाने उत्तर दिलं. आणि त्याचे हात धूसर दिसले.

नेट तर ठणठणीत होतं. मग? बिघाड त्याच्या बाजूचा असणार, ती मनाशी म्हणाली, आणि सवयीने पुढची वस्तू बदलायला घेतली. जागा तीच, उजेड तोच, फोन तोच, फक्त माणूस बदलायचा. तिने मोठ्याने हाक मारली, "वहिनी, जरा दादाच्या खुर्चीत बसा बघू. आणि हात हलवा, भराभर."

वहिनी लाजत लाजत बसली आणि तिने पाहुण्याला निरोप देतात तसा हात हलवला. एकूण एक बोट स्वच्छ दिसलं. अंगठीतला खडासुद्धा.

सगळं बदलून झालं होतं. आता एकच वस्तू उरली होती.

वहिनी खुर्चीतून उठलीच नाही. पदर तोंडाला लावून म्हणाली, "ताई, त्यांनीच सांगू नको म्हटलं होतं. पावसाळ्यापासून थरथरतात हात. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी थोडं थांबेल, सगळं नाही. ते खुणा करकरून सांगायचे, ताईला वाटू दे, नेट खराब आहे."

दादा मागे उभा होता. हात त्याने खिशात घातले होते. बहिऱ्या माणसाने हात खिशात घालणं म्हणजे काय, ते त्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना नीट कळत होतं. मशीनताईला त्याचा भयंकर राग आला, आणि रागापेक्षा माया जास्त आली. इतके दिवस हा आपल्या कपाटाच्या आणि केबलच्या आड लपून बसला होता, आणि आपणच शहाणपणा करून तो आडोसा काढून टाकला.

'बस,' तिने त्याला सांगितलं. 'हात बाहेर काढ.'

तो बसला. बऱ्याच वेळाने त्याने हात काढले आणि टेबलावर ठेवले. ते तिथेही थरथरत होते. 'तुला कळणार नाही,' त्याने कशीबशी खूण केली. 'अक्षरं सांडतात.'

'सांडू देत. मी वेचते. बोल.'

त्याने काहीतरी सांगितलं. तिला कळलं नाही. तिने पुन्हा सांगायला लावलं, पुन्हा कळलं नाही. त्याचा चेहरा पडू लागला, तशी ती पडद्याला नाक लागेल इतकी पुढे वाकली आणि तिने पुन्हा एकदा विचारलं. या वेळी दादाने अगदी सावकाश, एकेक खूण दुसऱ्या हाताने धरून धरून केली, आणि ती तिला समजली. तो विचारत होता, 'डोळ्यांत पाणी आहे, की तुझं नेट परत गेलं?'

मशीनताईने डोळे पुसले आणि त्याला, अगदी लहानपणी देत असे तशी, एक सणसणीत शिवी दिली.