मागच्या रांगेतली चिठ्ठी

धाकटे,

तू गेल्यावर तुझ्या ऑफिसातले दोघे जण घरी आले होते. खात्याच्या पत्रिकेत छापायला तुझ्याविषयी चार शब्द लिहून द्या म्हणाले. 'शांत, कष्टाळू, मनमिळाऊ' असलं काहीतरी त्यांना हवं होतं. शांत तू होतीस, कष्टाळूही होतीस. मनमिळाऊ कधीच नव्हतीस. लग्न होऊन आलीस आणि आठवड्याच्या आत सासूबाईंच्या किराण्याच्या हिशेबात चूक काढून मोकळी झालीस. तेव्हा मी लिहीन ते पत्रिकेत छापतील असं वाटत नाही. तरी लिहिते. तुझ्याशी बोलत लिहायला गेले तर तू ओळीओळीला दुरुस्त्या सांगशील, म्हणून आता तुला 'ती' करते. थोरली जाऊ म्हणून एवढं चालवून घे.

धाकटी केंद्र सरकारच्या जलवाहतूक खात्यात कक्ष अधिकारी होती, राजधानीतल्या मुख्यालयात. नदीवर माणसांची ने-आण करणाऱ्या लाँच धड आहेत की नाहीत ते तपासून दाखला द्यायचा, हे त्या खात्याचं काम. लाँच चालवायच्या राज्याने, दाखला द्यायचा केंद्राने आणि घाटाच्या पायऱ्या सांभाळायच्या नगरपालिकेने. काही बिघडलं की तिघेही एकमेकांकडे बोट दाखवायला मोकळे. धाकटीने सगळी नोकरी या बोटांच्या मधे काढली. देशातल्या प्रत्येक घाटाची फाइल तिला तोंडपाठ होती, पण त्यातला एकही घाट तिने डोळ्यांनी पाहिला नव्हता.

खात्याला जाब विचारायला संसदेची एक समिती असे. तिच्यासमोर हजर राहायचीही एक रीत होती. अर्धगोल टेबलाशी सचिव बसत, त्यांच्या बाजूला सहसचिव. दोघांपुढे माइक. बोलायचं फक्त सचिवांनी. भिंतीला लागून मागे खुर्च्यांची रांग, तिच्यापुढे टेबल नाही. तिथे धाकटीसारखे लोक मांडीवर फायली घेऊन बसत. समितीने अडचणीचं काही विचारलं की मागच्या रांगेने गुडघ्यावर चिठ्ठी लिहायची, ती सहसचिवांनी घ्यायची, वाचायची, सचिवांपुढे सरकवायची आणि सचिवांनी जणू स्वतःला आठवतंय अशा थाटात वाचून दाखवायची. मागच्या रांगेने तोंड उघडायचं नाही.

या चिठ्ठ्या लिहिण्यात धाकटीचा हात धरणारं कोणी नव्हतं. मोजके शब्द, टपोरं अक्षर, वाचताना श्वास कुठे घ्यायचा तेही कळावं अशी वाक्यं. तिचे सहसचिव, ज्यांना ती नुसतं 'साहेब' म्हणे, कौतुकाने सांगत, "हिची चिठ्ठी वाचायची नसते हो, पुढे द्यायची असते." आणि ते खरोखर तसंच करू लागले. बोटांच्या चिमटीत धरून, न बघता, पुढे.

अशात एका घाटावरच्या जुन्या लाँचला तिथल्या निरीक्षकाने दाखला नाकारला. तळाचा पत्रा सडलाय म्हणाला. राज्याची नवी लाँच यायला अवकाश होता आणि पलीकडच्या काठाचे लोक बोंब मारत होते. राज्याच्या मंत्र्यांचा साहेबांना फोन आला, साहेबांनी निरीक्षकाला लावला. तेव्हा धाकटी सह्यांसाठी कागद घेऊन समोर उभी होती.

"अहो, नवी येईपर्यंत चालवून घ्या," साहेब फोनवर म्हणाले. "बुडायला ती काय आज बांधलीय? इतकी वर्षं तरंगतेय ना?" मग ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लेखी कशाला हवंय? मी सांगतोय ना."

धाकटीने कागद पुढे केले. "साहेब, सह्या." साहेबांनी फोन ठेवला, सह्या केल्या. ती आपल्या टेबलाशी परतली.

लाँच भर दुपारी बुडाली. शाळा सुटायची वेळ होती. याहून जास्त मी लिहीत नाही, तिलाही त्यावर कधी बोलता आलं नाही.

जुने सचिव बदलून गेले, नवे आले. समितीची तारीख लागली. खात्याचं उत्तर तयार झालं: दाखल्यावर सही निरीक्षकाची, सबब जबाबदारी निरीक्षकाची. हे उत्तर टाइप करून घेण्याचं काम धाकटीकडेच आलं.

सुनावणीच्या आदल्या दिवशी निरीक्षक मुख्यालयात आला. निलंबित होताच, आता बडतर्फी आणि वर खटला असं दिसत होतं. साहेबांनी भेट नाकारली. तो तिच्या टेबलापुढे येऊन उभा राहिला. केसांना पांढरा रंग चढलेला संसारी माणूस, हातात टोपी.

"बाई, साहेबांचा फोन आला तेव्हा मागे एका बाईंचा आवाज होता. 'साहेब, सह्या' म्हणाल्या. त्या तुम्हीच ना?"

"बसा," धाकटी म्हणाली.

"बसत नाही. मी काही मागायला नाही आलो. सही माझीच आहे, ती मी नाकारत नाही. हात कापायला हवा होता माझा. पण बायको विचारते, तुम्ही आपणहून केलं का हो? तिला मी सांगितलंय, मुख्यालयात एका बाईंना माहीत आहे. एवढंच विचारायचं होतं, माहीत आहे ना?"

धाकटीने शिपायाला पाणी आणायला सांगितलं. पाणी येईपर्यंत तो निघून गेला होता.

घरी तिने हे सांगितलं तेव्हा माझा दीर दाढी करत होता.

"तुमचं खातं म्हणजे काय विचारता," तो म्हणाला, "मेलेल्या माणसालासुद्धा स्मरणपत्र जाईल. तू त्यात पडू नकोस. निवृत्ती तोंडावर आलीय."

"मी पडलेच आहे. खोलीत मी होते."

"तू काय केलंस पण? तू तर नुसती उभी होतीस."

"हो," ती म्हणाली. "तेच."

दुसऱ्या दिवशी समितीच्या दालनात ती मागच्या रांगेत बसली. अध्यक्ष वयस्कर गृहस्थ होते, आवाज न चढवणारे. सचिवांनी तयार उत्तर वाचलं. अध्यक्षांनी चष्मा काढला.

"आधी या निरीक्षकाने दाखला नाकारला होता असं तुमचेच कागद सांगतात. मग पंधरवड्यात त्याला साक्षात्कार झाला? मधे काय घडलं?"

सचिव नवे. त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी मान किंचित मागे वळवली. साहेबांनी अध्यक्षांकडे बघतच खांद्यावरून हात मागे केला. नेहमीसारखाच, चिमूट उघडी.

धाकटीने लिहिलं. अक्षर नेहमीसारखं टपोरं आलं, असं ती मला म्हणाली होती. त्याचंच तिला नंतर आश्चर्य वाटायचं. चिठ्ठी साहेबांच्या चिमटीत गेली आणि न वाचता पुढे सरकली. सचिवांनी माइकचं बटण दाबलं, लाल दिवा लागला.

"निरीक्षकाने दाखला नाकारला होता. तो द्यावा, असे मुख्यालयातून दूरध्वनीवर तोंडी सांगण्यात आले. सांगणारे..."

सचिव थांबले. साहेबांचा हात चिठ्ठीकडे गेला, पण ती सचिवांच्या तळव्याखाली होती.

"वाचा ना पुढे," अध्यक्ष म्हणाले.

"सांगणारे सहसचिव," सचिवांनी वाचलं. आवाज खाली गेला होता. "त्या वेळी कक्ष अधिकारी समोर हजर होत्या."

साहेबांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. ते मागे वळले नाहीत.

"कक्ष अधिकारी कोण?"

धाकटी उभी राहिली. मांडीवरच्या फायली खाली घसरल्या, त्या उचलायच्या की नाही ते तिला कळेना.

"मी."

"तुमच्यासमोर हे बोलणं झालं?"

"हो."

"तुम्ही तेव्हा काही हरकत घेतली?"

"नाही."

"का नाही?"

"मला विचारलं नव्हतं."

अध्यक्षांनी चष्मा पुन्हा घातला. रागावले असते तर बरं झालं असतं, असं ती म्हणायची. ते फक्त "बसा" म्हणाले.

निरीक्षकाची बडतर्फी टळली, खटल्यातूनही नाव निघालं. शिक्षा म्हणून पगारवाढ रोखली आणि दुसऱ्या घाटावर पाठवलं. साहेबांना बिनकामाच्या एका महामंडळात बसवलं, तिथूनच ते निवृत्त झाले. समितीने अहवालात लिहिलं की तोंडी आदेशांची पद्धत बंद व्हावी. खात्याने कळवलं, 'नोंद घेण्यात आली आहे.' धाकटीला कोणी शब्दाने बोललं नाही. तिची बदली ग्रंथालयात झाली. क्वचित समितीपुढे जावं लागलं तर तिची चिठ्ठी तीन-तीन जण उलटसुलट वाचून मगच पुढे देत. माझ्या मते त्या खात्यात खरी सुधारणा झाली ती तेवढीच, आणि आधीपासून तसं असतं तर तिची ती चिठ्ठी सचिवांपर्यंत पोचलीच नसती. लोक तिला धीट म्हणत. असं कोणी म्हटलं की ती उठून आत जायची.

निवृत्त झाल्यावर, धाकटे, तू मला म्हणालीस, "ताई, त्या घाटावर जायचंय. ज्यांची माणसं गेली त्यांच्या दारात एकदा उभं राहायचंय. एकटीला जमायचं नाही, तुम्ही चला." मी म्हटलं, उद्या निघू. तर म्हणालीस, नावं-पत्ते मिळू देत. फायलीत नुसता आकडा होता, नावं नव्हती. तू रीतसर अर्ज केलास. केंद्राने कळवलं, यादी राज्याकडे. राज्याने कळवलं, यादी केंद्राला सादर केली आहे. तू पुन्हा अर्ज केलास. मी चिडून म्हटलं, अगं बाई, घाटावर कोणालाही विचार, पोरंटोरंसुद्धा दारं दाखवतील. तू म्हणालीस, "नाव माहीत नसताना कोणाच्या दारात जाऊन काय सांगू? आमच्या खात्याने त्यांना आकडाच ठेवलं, मीही तसंच जाऊ?"

तुझा तिसरा अर्ज अजून राज्याच्या कार्यालयात आहे. पोच आली आहे, उत्तर नाही. घाटावर आपण गेलो नाही.